दोन दिवसांच्या सौर प्रशिक्षणातून काय घेऊन यायचं? आधी बिल, मग गच्ची

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नागपुरात हुडकेश्वरला तुमचं कूलर-पंखे दुरुस्तीचं दुकान आहे, आयटीआयचा वायरमन ट्रेड झालेला आहे, घरगुती वायरिंगची कामंही घेता. पाऊस पडला की कूलरचा सीझन संपतो आणि पुढचे बरेच महिने काम तुटक-तुटक मिळतं. आता ‘घरासाठी अक्षय ऊर्जेची ओळख’ असं दोन दिवसांचं प्रशिक्षण समोर आलंय, फी साडेतीन हजार. ते करावं, की सोलर तंत्रज्ञ घडवणारं तीन महिन्यांचं सूर्यमित्र करावं, की दोन्ही सोडून एखाद्या सोलरवाल्याच्या हाताखाली राबावं?

मी नागपुरात गच्चीवरच्या सोलरची कामं करतो आणि नव्या मुलांना शिकवतोही. तिन्हींमध्ये चांगलं कोणतं ते सांगतोच, पण त्याआधी एक गोष्ट तुम्हाला ठरवावी लागेल. या धंद्यात तुम्हाला उभं कुठे राहायचंय? स्ट्रक्चर कसणारे आणि पॅनल चढवणारे हात शहरात भरपूर झालेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये गच्चीवरच्या सोलरला अनुदान देणारी केंद्राची पीएम सूर्यघर योजना आली तेव्हापासून मानेवाडा, बेसा, नरेंद्रनगर, जिकडे जाल तिकडे सोलरचे बोर्ड दिसतात. तुटवडा आहे तो घरात येऊन, बिल बघून, ‘या घराला एवढं लागतं, आणि हे लागत नाही’ असं सांगणाऱ्या माणसाचा. सुरुवातीच्या प्रशिक्षणातून हेच शिकून यायचं असतं. पान्हा चालवणं नंतर येतं, आणि तुम्हाला तर तो आधीच चालवता येतो.

काही गोष्टी तुमच्या परिस्थितीवर आहेत, त्या मला इथून दिसत नाहीत. वायरमनचा परवाना चालू आहे का? तीन महिने दुकान बंद ठेवण्याइतकी घरची सोय आहे का? स्वतःच्या नावावर कामं घ्यायचीत, की एखाद्या नोंदणीकृत विक्रेत्यासाठी सर्व्हे आणि देखभाल करायची? यांच्या उत्तरांप्रमाणे माझा सल्ला बदलेल, कुठे बदलेल ते पुढे सांगतो.

आधी बिलाकडे येऊ, कारण सगळं तिथून सुरू होतं. महावितरणच्या बिलावर मागच्या महिन्यांचा वापर छापलेला असतो, मंजूर भार असतो, सिंगल फेज की थ्री फेज ते असतं. बरेच विक्रेते ग्राहकाकडून मे महिन्याचं बिल मागतात. आकडा मोठा दिसतो, माणूस घाबरतो, मोठी सिस्टीम विकली जाते. तुम्ही बारा महिन्यांचे आकडे मागा आणि ते एप्रिल ते मार्च असे मांडा, जानेवारी ते डिसेंबर नको. कारण नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे सोलरची वीज तुमच्या वापरातून वजा करण्याच्या पद्धतीत, जास्तीची युनिटं पुढच्या महिन्यात जमा होत जातात, पण हा हिशेब ३१ मार्चला बंद होतो. त्या दिवशी शिल्लक राहिलेली युनिटं महावितरण विकत घेतं, पण तुम्ही विजेला जो दर भरता त्यापेक्षा बऱ्याच कमी दराने. आणि नागपूरकराचा खरा वापर सुरू होतो एप्रिलला! हिवाळाभर साठवलेलं स्वस्तात जातं आणि उन्हाळ्याची पाटी कोरी सुरू होते. ही अडचण मुंबई-पुण्यात एवढी बोचत नाही, आपल्याकडे बोचते.

एक उदाहरण मांडतो. समजा एका घराचा वापर एप्रिलमध्ये ४००, मेमध्ये ५०० आणि जूनमध्ये ४५० युनिट आहे. जुलै ते सप्टेंबर महिन्याला २५०, आणि ऑक्टोबर ते मार्च महिन्याला २००. वर्षाचे झाले ३,३००. नागपुरात एक किलोवॉट पॅनल वर्षाला साधारण १,४०० युनिट देतं, म्हणजे रोजची चारेक. तीन किलोवॉट लावलं तर वर्षाला ४,२०० युनिट, आणि विक्रेता म्हणेल ‘बिल झिरो’. आता महिने पाडून बघा. उन्हाळ्याच्या तीन महिन्यांत १,३५० लागतात आणि १,२०० बनतात, म्हणजे १५० विकत घ्यावीच लागतात. पावसाळ्यात ७५० लागतात, ७८० बनतात, बरोबरी. ऑक्टोबर ते मार्च मात्र १,२०० लागतात आणि २,२०० च्या वर बनतात. हजारभर युनिटं ३१ मार्चला पडत्या दरात जातात.

हेच दोन किलोवॉटवर करून बघा. उन्हाळ्यात ५५० कमी पडतात, पावसाळ्यात २३०, आणि हिवाळ्यात २८० शिल्लक राहतात. म्हणजे तिसऱ्या किलोवॉटने जी १,४०० युनिटं बनवली, त्यातली ६३० च घराच्या कामी आली, बाकीची ७७० पडत्या भावात गेली. योजनेत पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० रुपये अनुदान आहे, तिसऱ्याला १८,०००, आणि त्यापुढे कितीही लावा, एकूण ७८,००० वर अनुदान थांबतं. योजना आखताना तिसऱ्या किलोवॉटची किंमत ४५,००० धरली होती, तर तो ग्राहकाच्या खिशातून २७,००० ला पडला.

आता तुमच्या दुकानातलीच गोष्ट घ्या. त्या घरात चार जुने पंखे आहेत, प्रत्येकी ७५ वॉटच्या आसपास. बीएलडीसी पंखा, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या नव्या मोटरचा, ३० वॉटवर तेवढीच हवा देतो. दिवसाला बारा तास धरले तर एप्रिल ते सप्टेंबर एका पंख्यामागे सत्त्याण्णव युनिट वाचतात, चार पंख्यांचे मिळून ३९०. खर्च बारा हजारांच्या आसपास. सत्तावीस हजारांत ६३०, बारा हजारांत ३९०. हजार रुपयांमागे पंखा जास्त वाचवतो, तेही नेमका जेव्हा वापर चढलेला असतो तेव्हा. घरगुती दर १००, ३०० आणि ५०० युनिटांच्या टप्प्यांवर वर चढतो आणि वाचलेलं युनिट नेहमी वरच्या, महागड्या टप्प्यातून आधी कमी होतं. दुसरी बाजूही ग्राहकाला सांगायची: पॅनल पंचवीस वर्षांच्या हिशेबाने घेतात, पंखा तेवढा टिकत नाही. आणि घरात पुढच्या वर्षी एसी किंवा इलेक्ट्रिक स्कूटर येणार असेल तर तिसरा किलोवॉट लावलेलाच बरा. दिवसाच्या वेळेनुसार दर बदलण्याचे नियमही येत-बदलत असतात, म्हणून हिशेब करताना त्या वर्षीचे दर बघूनच बसायचं. पण हा हिशेब ग्राहकासमोर वहीवर मांडणारा माणूस त्याने आजवर पाहिलेला नसतो. तो तुम्ही व्हा.

कूलरचंही तसंच आहे. पंप आणि मोटर मिळून कूलर दोनशे वॉटच्या आसपास घेतो, दीड टनाचा एसी कॉम्प्रेसर चालू असताना हजार-दीड हजार. आपल्या एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत चांगल्या ताट्यांचा, खिडकीत नीट बसवलेला आणि समोरून हवा बाहेर जायला वाट असलेला कूलर एसीची गरज बऱ्याच घरांत टाळतो. पाऊस पडला की त्याचा उपयोग संपतो आणि चिकचिक सुरू होते, हे तुम्हाला मी सांगायला नको. मात्र वरच्या मजल्यावरच्या घरात स्लॅब तापून खोलीची भट्टी झालेली असेल, तर आधी गच्चीला पांढरा चुना किंवा उष्णता परावर्तित करणारा रंग लावायला सांगा. कमी कार्बनचं घर म्हटलं की सगळे पॅनलकडे बघतात. कोराडी-खापरखेड्याच्या कोळशावरच्या वीजकेंद्रांची धुराडी ज्यांना गच्चीवरून दिसतात त्यांना तरी हे कळायला हवं की न वापरलेलं युनिट बनवावंच लागत नाही. आपल्या देशाच्या ग्रिडमध्ये एका युनिटमागे साधारण सातशे ग्रॅम कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. पंख्याने वाचवलेलं युनिट असो की पॅनलने बनवलेलं, या हिशेबात दोन्ही सारखीच.

सोलर वॉटर हीटरबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण प्रशिक्षणात तो येईलच. नागपुरात गरम पाणी खरं लागतं ते नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मे महिन्यात टाकीचं पाणी आपोआपच चटके देतं. त्यात बोअरचं पाणी जड, नळ्यांत क्षार धरतात. ज्या घरात पॅनल आहेत आणि हिवाळ्याची युनिटं नाहीतरी शिल्लक राहणार आहेत, तिथे साधा गिझर त्या युनिटांवर चालवणं सोयीचं पडतं. वीस लिटरची एक बादली आंघोळीजोगी गरम करायला अर्ध्या युनिटाहून थोडं जास्त लागतं. वसतिगृह, हॉस्पिटल, मोठं एकत्र कुटुंब असेल तर हिशेब वेगळा. बायोगॅस शहरातल्या फ्लॅटसाठी विसरा. काटोल-उमरेडकडे ज्यांच्या गोठ्यात चार-सहा जनावरं आहेत त्यांच्यासाठी तो चांगला, एक घनमीटर गॅसला पंचवीस किलोच्या आसपास शेण लागतं.

आता गच्चीवर चढू. पुस्तकातला सोलर आणि नागपूरचा सोलर यात फरक आहे तो उष्णतेचा. पॅनलवर लिहिलेले वॉट २५ अंश सेल तापमानाचे असतात. मे महिन्यात दुपारी सेल सत्तर अंशांपर्यंत जातो, आणि प्रत्येक अंशाला क्षमता साधारण ०.३५ टक्क्याने घटते. म्हणजे भर उन्हात, ग्राहकाला वाटतं आता मीटर पळत असेल तेव्हा, तीन किलोवॉटचं पॅनल अडीचच देत असतं. हे आधी सांगितलं तर ग्राहक मान डोलावतो, नंतर सांगितलं तर तो म्हणतो माल खराब दिला. म्हणूनच पॅनल पत्र्याला चिकटवून बसवू नयेत, खालून वारा जायला जागा हवी. उष्णतेचा परिणाम व्होल्टेजवरही होतो. ५४० वॉटचे सहा पॅनल मालिकेत जोडले (या मालिकेला स्ट्रिंग म्हणतात) की उघड्या टोकांवर तीनशेच्या आसपास व्होल्ट मिळतात. जानेवारीच्या पहाटे ते थोडे वाढतात, मे महिन्यात चालू स्थितीत दोनशे दहापर्यंत उतरतात. चारच पॅनल असतील तर उन्हाळ्यात एकशेचाळीसच्या घरात. इन्व्हर्टरची, म्हणजे पॅनलची वीज घरच्या विजेत बदलणाऱ्या यंत्राची, व्होल्टची खालची आणि वरची मर्यादा या दोन्ही टोकांना सांभाळते का, हे प्रशिक्षणात स्वतःच्या हाताने काढून बघा. ही आकडेमोड वर्गात करून घेत नसतील तर प्रशिक्षण कच्चं समजा.

नागपूरकराची गच्ची रिकामी नसते. उन्हाळ्यात तिथे पापड-कुरड्या वाळतात, मिरच्या वाळतात, रात्री गाद्या पडतात. म्हणून बाईमाणसांना विचारल्याशिवाय आराखडा करू नका. घरातल्या पुरुषाने होकार दिलेला असतो आणि काम सुरू झालं की काकू वर येऊन विचारतात, ‘मग मी वाळवण कुठे घालू?’ उंच स्ट्रक्चर केलं की खालची जागा वापरता येते, पण वाऱ्याचा जोर वाढतो. भारतीय मानकात नागपूरसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरलाय, म्हणजे ताशी १५८ किलोमीटर. मे-जूनच्या वादळात ढिलं स्ट्रक्चर उडून शेजाऱ्याच्या अंगणात जाईल. स्लॅबमध्ये कुठे आणि किती भोकं पाडायची, वॉटरप्रूफिंग कसं परत करायचं, हे शिकून घ्या. पहिल्या पावसात छत गळलं की सोलरवाल्याचं नाव कॉलनीभर होतं. पाण्याची टाकी आणि जिन्याची खोली यांची सावली डिसेंबरमध्ये सर्वांत लांब पडते, तेव्हा सर्व्हे जूनमध्ये केला तरी मोजणी डिसेंबरची करायची.

तुमच्या हातातली वायरिंगची सवय इथे उपयोगी आहे आणि धोक्याचीही. तुम्ही आयुष्यभर एसी, म्हणजे सतत दिशा बदलणाऱ्या करंटवर काम केलंय. तिथे ठिणगी पडली तर करंट सेकंदाला शंभर वेळा शून्यावर येतो, त्यामुळे ती विझायला वाव मिळतो. पॅनलमधून येतो तो डीसी, एकाच दिशेने वाहणारा; त्यात करंट शून्यावर येतच नाही, ठिणगी पेटलेली राहते आणि कनेक्टर वितळतो. पॅनलला स्विच नसतो; ऊन आहे तोवर तो चालूच. म्हणून भार चालू असताना डीसीचा कनेक्टर ओढायचा नाही, दोन वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत घुसवायचे नाहीत, आणि एसीचा एमसीबी डीसीच्या जागी कधीच नाही. अर्थिंगचंही तसंच. डीसी, एसी आणि आकाशातल्या विजेपासून वाचवणारा वीजरोधक यांचे खड्डे वेगळे ठेवायचे. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, कोरडी पडते आणि रोध चढतो. पावसाळ्यात मोजून ‘ओके’ लिहिलेलं अर्थिंग एप्रिलमध्ये पुन्हा मोजलं की खरं कळतं.

ग्राहकाचा हमखास प्रश्न: लाईन गेली तर सोलर चालेल का? साध्या ऑन-ग्रिड, म्हणजे महावितरणच्या लाईनला जोडलेल्या बिनबॅटरीच्या सिस्टीममध्ये नाही. लाईन गेली की इन्व्हर्टर स्वतः बंद होतो, कारण नाहीतर तो खांबावर काम करणाऱ्या लाईनमनपर्यंत करंट पाठवेल. लाईन गेल्यावरही वीज हवी असेल तर हायब्रिड इन्व्हर्टर आणि बॅटरी, त्याचा खर्च वेगळा. हे पहिल्या भेटीतच सांगायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे. दोन दिवसांचं प्रशिक्षण करा, पण त्यातून परवाना मिळत नाही, विक्रेता म्हणून नोंदणी होत नाही, हे समजून करा. योजनेचं अनुदान मिळतं ते नोंदणीकृत विक्रेत्याने, भारतात बनलेल्या सेलचे पॅनल लावून काम केलं तरच, आणि त्या विक्रेत्यावर पाच वर्षांच्या देखभालीची जबाबदारी असते. वीजजोडणीचं काम विद्युत कंत्राटदाराच्या परवान्याखालीच करावं लागतं. त्यामुळे स्वतःच्या नावावर कामं घ्यायची असतील तर परवान्याचा रस्ता वेगळा चालावाच लागेल, कोणत्याही प्रमाणपत्राने तो टळत नाही.

सूर्यमित्र हा राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेचा कार्यक्रम आहे, सहाशे तासांचा, साधारण तीन महिन्यांचा. वायरमन ट्रेडवाल्यांना प्रवेश मिळतो. आयटीआयमध्ये सोलर टेक्निशियनचा वर्षाचा ट्रेडही आहे, पण ट्रेड झालेल्या आणि दुकान चालवणाऱ्या माणसाला मी तो सुचवणार नाही. विशीतला मुलगा असता तर थेट सूर्यमित्र म्हटलं असतं. तुमच्या बाबतीत मला असं वाटतं: आधी दोन दिवसांचं करा, मग जुलै-ऑगस्टपासून एखाद्या नोंदणीकृत विक्रेत्याबरोबर सर्व्हे आणि देखभालीची कामं धरा. सूर्यमित्रचा विचार त्यानंतर, कंत्राटदार व्हायचं पक्कं झालं आणि तीन महिन्यांची घरची सोय झाली तर. देखभालीत मागणी आहे आणि माणसं नाहीत. पॅनल लावून गेलेले परत फिरकत नाहीत. ऑक्टोबर ते मार्च फारसा पाऊस नसतो, धूळ बसते, कोराडीच्या बाजूला राखही. सकाळी लवकर, पॅनल थंड असताना, क्षार नसलेल्या मऊ पाण्याने धुवायचे. बोअरच्या पाण्याने पांढरे डाग धरतात. धुताना कनेक्टर, अर्थिंग, नटबोल्ट बघायचे, इन्व्हर्टरचे आकडे वहीत उतरवायचे. कूलरचं काम थंड असतं तेव्हा हे काम असतं, तुमची अडचण नेमकी तीच आहे.

फी भरण्याआधी प्रशिक्षण देणाऱ्याला तीन गोष्टी विचारा. गच्चीवर प्रत्यक्ष नेणार का? हजार व्होल्ट डीसीचा मीटर, डीसी क्लॅम्प मीटर आणि अर्थ टेस्टर हातात देणार का? आणि माझ्या घरचं वर्षाचं बिल आणलं तर त्यावर हिशेब करून घेणार का? पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेक जण ‘हो’ म्हणतील. तिसऱ्यावर अडखळले तर पैसे परत खिशात ठेवा. स्लाइड दाखवून, जेवण घालून, फोटो काढून प्रमाणपत्र देणारे वर्ग मी पाहिलेत. तिथून आलेल्या मुलांना स्ट्रिंग म्हणजे काय तेही सांगता येत नव्हतं.

आणि जाताना नुसतं स्वतःचं बिल नेऊ नका. दुकानाच्या गल्लीतल्या तीन घरांची न्या: एक शंभर युनिटांच्या आतलं, एक एसीवालं, एक भाडेकरू असलेलं. शंभरच्या आतल्या घराचे पैसे सावकाश वसूल होतात, एसीवाल्याचे लवकर, आणि भाडेकरूच्या घरात मीटर कोणाच्या नावावर, गच्ची कोणाची, हा तांत्रिक प्रश्नापेक्षा मोठा प्रश्न असतो. या तिन्हींचा हिशेब दोन दिवसांत वहीवर उतरवून आणलात तर साडेतीन हजार वसूल. वायरमन परवान्याच्या नूतनीकरणाची तारीख मात्र आजच काढून बघा, संपली असेल तर आधी ते काम.